आजारपणाचा पैरा

माझ्या धाकट्या जावेला ताप आला की आमच्या घरात सण असल्यासारखी गडबड व्हायची. आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, चुलीवर मऊ पेज ठेवायच्या. शेजारची एक लिंबं घेऊन यायची, दुसरी ओव्याची पुरचुंडी. माझा स्वतःचा नवरा, ज्यानं मला कधी पाण्याचा तांब्या हातात दिला नाही, तो मार्गासनीहून येताना भावजयीसाठी मोसंबी आणायचा. आणि मी कधी अंग कसकसतंय म्हणाले तर आत्याबाई म्हणायच्या, "उन्हातनं आली असशील, पड जरा." मी पडायच्या आत पुढचा प्रश्न यायचा, "भाकरी टाकल्यास का?"

आता हे आठवून हसू येतं असं खोटं कशाला सांगू? पोटात दुखतं. त्या मोसंब्यांचा वास अजून माझ्या नाकात आहे, आणि त्यातली एकसुद्धा फोड मी खाल्ली नव्हती. धाकटीनं दिली होती. मी घेतली नाही.

आम्ही पालीत राहतो, राजगडाच्या पायथ्याला. भाताची खाचरं आहेत, आणि शनिवार-रविवारी गडावर जाणाऱ्या पोरांना आम्ही पिठलं-भाकरी देतो. भाकरी मी थापते. धाकटी नुसती वाढते. तरी पोरं निघताना तिला म्हणतात, "वहिनी, झकास झालं होतं." बरं, ती ते स्वतःकडं ठेवून घेते असंही नाही. लगेच सांगते, "भाकरी आमच्या ताईंनी केल्यात." मग पोरं चुलीपर्यंत येतात आणि मला म्हणतात, "मावशी, छान होत्या हं." ती वहिनी आणि मी मावशी. आमच्यात सहा वर्षांचं अंतर आहे, साठ वर्षांचं नव्हे.

नसरापूरच्या अलीकडं मशरूमचा एक लहानसा कारखाना आहे, तिथं आम्ही दोघीही कामाला जातो. गार, अंधाऱ्या खोल्या, त्यांत लोखंडी मांडण्या आणि मांडण्यांवर पसरलेल्या खतातून उगवणारी पांढरी मशरूम. रानात येतात त्यांना आम्ही अळंबी म्हणतो, पण पगारी कामाला लागल्यापासून तोंडात मशरूमच बसलं. आज बोराएवढं असतं ते उद्या लिंबाएवढं होतं, आणि परवा छत्री उघडली की त्याला कुणी विचारत नाही. म्हणून तिथलं काम एक दिवसही थांबत नाही. सकाळची पाळी सहा ते दोन, दुपारची दोन ते दहा. घरात आत्याबाईंच्या हाताशी एक तरी बाई असावी म्हणून आम्ही दोघींनी उलट्या पाळ्या मागून घेतल्या होत्या. मी सकाळी असले की ती दुपारी, आणि आठवड्यानं अदलाबदल.

एका टेबलाला सहा बाया लागतात. देठ कापायचा, माती पुसायची, डबीत नीट लावायचं. पाचच आल्या तर टेबल बंद ठेवून त्या पाचजणींना खताच्या शेडला पाठवतात. तिथं भिजवलेला भुसा आणि कोंबडखत फावड्यानं खालीवर करायचं असतं. त्या शेडमधून घरी गेलेल्या बाईजवळ तिचं मांजरही बसत नाही. म्हणून सुपरवायझरनं नियम केला होता, की आजारी पडायचं तर खुशाल पडा, पण बदली देऊन पडा. बदली म्हणजे दुसऱ्या पाळीतल्या कुणीतरी आपली पाळी करून तुमचीही करायची. आम्ही त्याला डबल म्हणतो. एखादीच्या सलग चार पाळ्या बदलीविना गेल्या की तिची टेबलावरची जागा गेली. बरी होऊन आली की कायमची शेडला. आणि अंगावर काढायचीही सोय नाही. साधा खोकला असला तरी गेटवरून परत पाठवतात, का तर खोल्यांमधला माल खराब होतो.

माझी तब्येत घोड्यासारखी आहे असं सगळे म्हणतात. चार वर्षांत मी एक पाळी चुकवली नव्हती. त्याचं कौतुक कुणी केलं? घोड्याचं कोण करतं. धाकटीचं मात्र पावसाळ्यात घसा, थंडीत ताप, उन्हाळ्यात मुतखडा असं वर्षभराचं वेळापत्रक ठरलेलं. आणि तिला बरं नाही एवढं कळायचा अवकाश, "मी थांबते", "तू राहू दे, मी थांबते" म्हणत चौघी पुढं. बायांच्या पायाला गोळे आलेले असायचे, तरी तिची पाळी कधी रिकामी गेली नाही. मी थांबते असं मी एकदाही म्हणाले नाही. म्हणायची वेळच यायची नाही, हे माझं कारण. खरं कारण वेगळं होतं, ते कुणाला सांगायचं कारण नव्हतं.

एकदा तिच्या मुतखड्याचे तीन दिवस तीन वेगवेगळ्या बायांनी भरून काढले आणि माझा तोल गेला. पण भांडायची मी नाही. मी न्यायाची भाषा काढली. आमच्या भागात आवणी, म्हणजे भाताची लावणी, पैऱ्यानं होते. आज तुम्ही माझ्या खाचरात, उद्या मी तुमच्या खाचरात. माणसाला माणूस, दिवसाला दिवस. कुठं लिहून ठेवत नाहीत, पण कुणाचा दिवस राहिलाय हे गावात शेंबडं पोरही सांगेल. तर दुपारच्या दोनला पाळ्या बदलताना आमच्या टेबलाच्या बाराही जणी गेटपाशी असतात, तेव्हा मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"आपण सगळ्या पैऱ्यातल्याच बाया. मग हितं पैरा का धरू न्हाई? जिनं आपल्यासाठी डबल केली, तिची डबल फेडायची. कुणाचं कुणावर ओझं न्हाई."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सुपरवायझर तर खूष झाला, त्याच्या डोक्याचा ताप गेला. धाकटी म्हणाली, "बरोबर बोलल्या ताई." मी मनात म्हटलं, आता कळेल. आता प्रत्येक तापाची फेड उभी राहील, तेव्हा बघू कोण किती नाजूक आहे. ही नोकरी तिला झेपली नाही आणि ती घरी बसली, तर सुंठीवाचून खोकला गेला. हो, इथपर्यंत गेले होते मी.

झालं उलटंच. धाकटीनं दोन महिन्यांत एकेकीचा पैरा फेडला. बरी असली की न मागता विचारायची, "उद्या थांबू का तुमच्यासाठी? लेकीच्या शाळेत जायचं होतं ना?" डबल करून घरी आली की पायांना तेल चोळत बसायची, पण तोंड वाकडं नाही. बाया आणखीच तिच्यावर जीव टाकायला लागल्या. माझ्या नियमानं तिला नावं ठेवायला होती नव्हती तेवढी जागासुद्धा गेली.

मी माझा हिशोब चोख ठेवत होते. आमच्या खोलीतल्या आरशाच्या कडेला मी वापरलेल्या टिकल्या चिकटवते. कुणासाठी डबल केली की एक हिरवी टिकली वेगळी, उजव्या कडेला. फिटली की काढून टाकायची. पावसाळ्यापर्यंत अशा चार झाल्या. आणि आवणीच्या आठवड्यात मी चारही मागून घेतल्या. मी आजारी नव्हते. आमच्या खाचरात माणूस कमी होतं, म्हणून मला चार दिवस हवे होते. एक बाई म्हणाली, "ताई, माझी बी आवणी हाय वो याच हप्त्यात." मी म्हणाले, "पैरा म्हणजे पैरा. कशाला मागितला ते इचारायचं नसतं." ती आली. चौघीही आल्या. पण त्यानंतर डबा खाताना माझ्या शेजारची जागा मोकळी राहायला लागली. मला वाटलं, नियमानं वागणाऱ्या माणसाला लोक टाळतातच.

गणपती उठले आणि मला टायफॉईड झाला.

नवऱ्यानं भोरला दवाखान्यात नेलं. तीन दिवस सलाईन लावली आणि तिथून मला माझ्या माहेरी सोडलं, ते भोरपासून जवळ आहे म्हणून. पहिल्याच दिवशी मी पडल्या पडल्या टेबलाच्या मोबाईल ग्रुपवर लिहिलं, 'मला टायफॉईड झालाय. आठवडा तरी लागेल. कोणी डबल करेल का?' मेसेज सगळ्यांनी वाचल्याच्या खुणा आल्या. संध्याकाळपर्यंत कुणी काही लिहिलं नाही. मग एकीनं लिहिलं, 'ताई, आमचे फिटले.' त्याखाली दोघींनी अंगठे दाखवले. धाकटी त्याच ग्रुपात होती. तिनंही काही लिहिलं नाही.

तो फोन उशाखाली ठेवून मी रडले. तापाची गुंगी होती असं दवाखान्यात सोबतीला आलेल्या आईला सांगितलं. पण मला एवढंच दिसत होतं, की तिला साधी शिंक आली तर चौघी धावतात आणि मी इथं तापानं फणफणले तर माझ्यासाठी एक माणूस नाही. उद्या मी शेडला जाणार, फावडं घेणार, आणि ती टेबलावर डब्या भरणार. आत्याबाई नाकाला पदर लावून म्हणणार, "तू मागच्या दारानं ये." मी बोटांवर पाळ्या मोजत होते. एक गेली. दोन गेल्या. चौथ्या दिवशी मोजणं सोडलं.

आई पेज भरवत होती. तिला माझं काय चाललंय ते कळलं नसावं, पण ती सहज म्हणाली, "तुज्या बापाचा पाय मोडला ती आवणी आठवती का?" आठवत होती. मी दहा वर्षांची होते. बाबा खाटेवर, आईला पोरं सांभाळून सरत नव्हतं, आणि एका सकाळी आळीतली माणसं खाचरात उतरलेली दिसली. दोन दिवसांत आवणी उरकली. आईनं सगळ्यांना भाकरी आणि वाटाण्याची उसळ दिली, तेवढंच. तो पैरा आम्ही कधी फेडला नाही आणि कुणी मागायला आलं नाही. म्हणजे मला माहीत होतं. गेटपाशी उभं राहून नियम सांगत होते तेव्हाही माहीत होतं. धाकटीचं आजारपण मोजलं जावं, म्हणून मी ते विसरले होते.

सहा पाळ्या बुडवून मी माहेराहून थेट कामावर गेले. पिशवीत जुनी साडी आणि रबरी चपला घेतल्या होत्या, शेडसाठी. सुपरवायझरला म्हणाले, "फावडं कुठनं घेऊ?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "फावडं कशाला? तुमचं टेबल आहे ना. तुमची एकही पाळी रिकामी गेली नाही."

मी टेबलापाशी गेले तर माझी सुरी माझ्या जागेवर होती, मुठीला मी गुंडाळलेल्या लाल चिंधीसकट. शेजारच्या बाईला विचारलं, कुणी केल्या? ही तीच, जिला मी आवणीच्या आठवड्यात बोलावलं होतं; आज कुणाच्या तरी बदलीला ती आमच्या पाळीत आली होती. ती देठ कापता कापता म्हणाली, "तुमच्या जावंनं. साही."

"सहाच्या सहा? एकटीनं?"

"आमी म्हनलो तिला, तू नको मरू, आमी एकेक वाटून घेतो. पर तुज्यासाठी म्हनून थांबू, तुज्या ताईसाठी न्हाई. तर लई भडकली. म्हनली, ताईंच्या नावानं थांबायचं तर थांबा, न्हाईतर मी हाय. तिला भडकलेली म्या पयल्यांदा बघितली."

मी सुरी उचलली. समोरचा एक देठ कापला. खरं सांगू का मला पहिल्यांदा काय वाटलं? लाज नंतर वाटली. पहिल्यांदा वाटलं, हेही तिनंच नेलं. चार दिवस मी खाटेवर पडून स्वतःला बिचारी म्हणवून घेत होते, तेवढंही तिनं माझ्यापाशी राहू दिलं नाही. आता टेबलावर बोलणं कुणाचं चालणार? तिचंच. सहा दिवस सकाळी सहा ते रात्री दहा. हाडाची काडं झालेली बाई. देवच म्हणतील तिला.

घरी आले तेव्हा ती दुपारच्या पाळीला गेली होती. मी आरशासमोर उभी राहिले. उजवी कडा रिकामी होती. डाव्या कडेला मी कधी टिकली लावली नव्हती, कारण माझ्यावर कुणाचं काही राहील असं मला वाटलंच नव्हतं. मी नवं पाकीट उघडलं आणि सहा हिरव्या टिकल्या डाव्या बाजूला एकाखाली एक लावल्या.

दुसऱ्या दिवशी तिनं त्या पाहिल्या. फणी मागायला आली होती. तिला त्या टिकल्यांचा अर्थ माहीत होता. मला वाटायचं ते माझं गुपित आहे, पण एका घरात कसलं गुपित.

"ह्या कशाच्या वो, ताई?"

"तुझ्या. मी फेडणार आहे."

"आजारपणाचा पैरा कुणी धरतं व्हय?" ती म्हणाली. मला टोचून बोलली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. तिनं वरची एक टिकली नखानं सोडवली आणि स्वतःच्या कपाळाला लावली. "हिरवी कशी दिसती मला?"

शोभून दिसत होती. तिला काय शोभत नाही? ती गेल्यावर मी त्या रिकाम्या जागी दुसरी टिकली लावली.

मग मी वाट बघायला लागले. हे लिहायला जड जातं, पण लिहिते. मी तिच्या आजारी पडण्याची वाट बघत होते. सकाळी चुलीपाशी ती आली की आधी तिचे डोळे बघायचे, लाल आहेत का. ती कमरेला हात लावून उभी राहिली की मनात म्हणायचे, मुतखडा. आणि ती मेली टुणटुणीत. दिवाळी गेली, थंडी पडली, दर वर्षी येणारा तापसुद्धा आला नाही. आत्याबाई म्हणाल्या, "औंदा पोरीची तब्येत सुधारली." मी म्हणाले, "हो ना." ज्याच्यावर आपण जळतो त्याचंच देणं डोक्यावर असावं आणि त्यानं ते घेऊ नये, याच्यासारखी शिक्षा नाही.

संक्रांतीच्या आधी एक दिवस मी सकाळपाळी करून दोन वाजता गेटबाहेर आले. दुपारच्या बायांचा टेम्पो नुकताच लागला होता. धाकटी उतरली आणि गेटपाशी येता येता खोकली. साधं नाही, छातीतून. वॉचमननं हात आडवा केला. "परत जावा, बाई. तुमाला ठाऊक हाय."

ती पदर तोंडाला लावून उभी राहिली. आणि माझ्या मागून आवाज सुरू झाले.

"तू जा गं, मी थांबते."

"तुझं पोर तापलंय घरी, तू कशाला? मीच थांबते."

"आवो मी मोकळीच हाय, मी करते."

तेव्हा माझ्या पोटात जे दुखलं ते नेहमीचं नव्हतं. इतकी वर्षं मला राग यायचा, की हिच्यासाठी एवढ्या बाया का उभ्या राहतात. त्या दिवशी राग आला, की या उभ्या राहणाऱ्या कोण? हिला खोकला कशानं होतो हे यांना ठाऊक आहे का? रात्री ओल्या केसांनी निजते हे यांनी पाहिलंय का? मी पिशवी खाली टाकली.

"कुणी थांबायचं न्हाई," मी ओरडलेच. "तिची पाळी म्या करनार. आमची हाय ती."

बाया मागं सरल्या. मी कारखान्यात अशी कधी बोलत नाही. धाकटी पदराआडून म्हणाली, "ताई, फेडायचं म्हनून थांबत असाल तर नको."

"फेडायचं म्हनूनच थांबते. सहा हायेत. आज एक फिटला. आणखी पाच येळा खोकावं लागंल तुला."

सगळ्या हसल्या. ती इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि मी तिच्या पाठीवर थोपटलं, जरा जोरातच. मग तिच्या हातातली कामाची टोपी घेतली, माझे केस आत घातले आणि तिला माझ्या जागेवर टेम्पोत बसवलं. "खिडकी लाव," मी सांगितलं, "आणि आत्याबाईंना पेज ठेवायला सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आरशासमोर गेले. हिशोबानं एक टिकली काढायला हवी होती. नखही लावलं होतं. मग मनात आलं, सगळ्या फिटल्या तर पुढच्या वेळी गेटपाशी त्या बाया पुन्हा पुढं होतील, आणि मला कुठल्या तोंडानं अडवता येईल? मी हात मागं घेतला. सहाच्या सहा टिकल्या अजून तिथंच आहेत.